काम सुटलं, आजार कुणाला दिसत नाही, मग घर कशावर चालवायचं?

या वेळी तीन पत्रं घेतलीत. तिन्ही आपल्याच भागातली, एक सांगली बाजूचं आणि दोन सातारा जिल्ह्यातली. नावं तिघांनीही देऊ नका म्हटलंय, तर देत नाही.

पत्र पहिलं, कुपवाडहून

ताई, माझे मिस्टर 11 वर्षं एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डिंगला आहेत. पगार 16,500, ईएसआय आणि पीएफ दोन्ही कट होतं. तीन वर्षांपूर्वी सांगलीत डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, गोळ्या चालू होत्या तोवर बरं चाललेलं. मग त्यांनी स्वतःच गोळ्या सोडल्या आणि आता पावणेदोन महिने झाले कामावर नाहीत. सगळे आपल्याबद्दलच बोलतात म्हणतात, रात्रभर दारामागं उभे राहतात. कंपनीत आम्ही पाठीचं दुखणं आहे असं सांगितलंय, कारण खरं सांगितलं तर पोरांची लग्नं कशी होणार असं सासूबाईंचं म्हणणं. आता कंपनीतून निरोप आलाय की राजीनामा द्या, पीएफ काढून घ्या, मोकळे व्हा. मी ब्लाउज शिवते, महिन्याला 4 हजार सुटतात. मंगळसूत्र सोडून सोनं गहाण पडलंय. सही करू का?

उत्तर

ताई, सही करू नका. तुमचं बाकीचं सगळं निवांत वाचा पण हे एक आत्ताच मनाशी पक्कं करा, राजीनाम्यावर सही नाही आणि पीएफ पूर्ण काढायचा फॉर्म नाही. मिस्टर स्वतः सही करायला निघाले तरी तेवढा कागद आठ दिवस लांबवा. का ते सांगते.

तुमच्या घरात पैसा आहे, फक्त तो "पाठीचं दुखणं" या दोन शब्दांखाली दबलाय. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विम्यात, साधं आजारपण असेल तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात, हे बऱ्याच कामगारांना माहीत असतं. पण काही लांबणाऱ्या आजारांची एक वेगळी यादी आहे, टीबी, कॅन्सर, लकवा असले आजार, आणि त्याच यादीत स्किझोफ्रेनिया आणि इतर सायकोसिस (भास-भ्रम होतात असले मानसिक आजार) पण आहेत. त्या यादीतला आजार असेल तर 91 दिवस संपल्यावर पुढं वाढीव आजारपण लाभ मिळतो, पगाराच्या 80 टक्के, आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तर तो दोन वर्षांपर्यंत वाढतो. त्याला अट अशी की नोकरी किमान दोन वर्षं झालेली हवी आणि मागच्या चार वर्गणी कालावधीत (सहा महिन्यांचा एक) मिळून 156 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. तुमचे मिस्टर 11 वर्षं एका जागी आहेत, बसतात ते त्यात. 16,500 चे 80 टक्के म्हणजे 13,200 च्या आसपास होतात बघा. पाठदुखी लिहिलीत तर 91 दिवसांनंतर हातात काही नाही, खरा आजार लिहिलात तर दोन वर्षं घर चालतं. लपवण्याची किंमत एवढी आहे.

तर आता करायचं असं. मिस्टरांचं ईएसआयचं कार्ड किंवा नंबर घ्या (नसेल तर पगाराच्या स्लिपवर असतो), सांगलीच्या डॉक्टरांचे जुने सगळे केसपेपर घ्या, अगदी तीन वर्षांपूर्वीचा पहिला कागद सुद्धा, आणि तुमच्या ईएसआयच्या दवाखान्यात जा. सुट्टीचं सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरांकडूनच लागतं, खासगी डॉक्टरांचे कागद आधाराला. तिथनं मानसोपचार तज्ज्ञाकडं पाठवा म्हणून सांगा. मग ते सर्टिफिकेट घेऊन ब्रँच ऑफिसला क्लेम, बँक पासबुकाच्या झेरॉक्ससकट. मागचे पावणेदोन महिने कदाचित पूर्ण धरले जाणार नाहीत, म्हणून आणखी एक दिवस घालवू नका. मिस्टर यायला तयार नसतील तर पहिल्यांदा तुम्ही एकट्या कागद घेऊन जा, काय करता येईल ते समोरासमोर विचारा.

आता पीएफ. गरज पडली तर आजारपणासाठी नोकरीत राहूनच पीएफमधून पैसे उचलता येतात, त्याच्या जुन्या नियमात कोणकोणते आजार ते लिहिलंय त्यात मानसिक आजार स्पष्ट लिहिलेला आहे. तेवढे काढा हवं तर. पण पूर्ण खातं बंद करू नका, आणि पेन्शनचे पैसे काढायचा जो 10 सी फॉर्म असतो त्याच्यावर अजिबात सही नको. पीएफच्या पेन्शन योजनेत अशी तरतूद आहे की नोकरीत असताना माणूस कायमचा आणि पूर्णपणे त्या कामाला अपात्र झाला तर त्याला पेन्शन मिळते, त्याला 10 वर्षं सेवेची अट लागत नाही, फक्त मेडिकल बोर्डाची तपासणी लागते. मिस्टर त्या टप्प्याला आलेत असं मी म्हणत नाही, गोळ्या परत सुरू झाल्या तर ते मोल्डिंगला परत उभे राहतील अशी माझी मनापासून आशा आहे, आधी चांगले चाललेच होते की. पण "नोकरीत असताना" हे शब्द लक्षात घ्या. राजीनामा दिला की ती वाट गेली. आणि तुमची तर 11 वर्षं भरलीत, साधी पेन्शन सुद्धा पुढं आहे.

तिसरी गोष्ट दिव्यांग प्रमाणपत्र. दचकू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि मानसिक आजार त्यातला एक आहे. 40 टक्के आणि त्याच्या वर आलं की योजनांचे दरवाजे उघडतात. अर्ज ऑनलाइन, स्वावलंबन पोर्टलवर, मोबाईलवरून होत नसेल तर सेतूत किंवा महा ई-सेवा केंद्रात भरून देतात, मग दवाखान्यात बोर्डापुढं तपासणी.

इथं मला माझ्या घरातलं सांगायलाच पाहिजे, कारण ही चूक आम्ही केली आणि तुमच्याकडून तीच होणार हे मला पत्रावरनंच दिसतंय.

माझा भाऊ. 2019 साली त्याला बोर्डापुढं न्यायचं होतं. आईनं पहाटे उठून त्याला न्हाऊ घातलं, दाढी करून घेतली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, केसाला तेल. एरवी तो आठ-आठ दिवस आंघोळ करत नव्हता, बाहेरचं कुणी आलं की माडीवर जाऊन बसायचा. डॉक्टरांनी विचारलं आंघोळ-कपडे स्वतःचं स्वतः करतो का, आई म्हणाली हो करतो की. बाहेर जातो का, हो जातो, दूध आणतो. दूध आणायला तो दोन वर्षांत एकदाच गेला होता आणि पिशवी तशीच घेऊन परत आला होता. आईला वाटलं चारचौघांत आपल्या पोराची अब्रू राखावी, लहानपणापासून तिनं तेच केलेलं. भाऊ शर्टाचं शेवटचं बटण धरून बसला होता, सोडत होता लावत होता, सोडत होता लावत होता, तेवढंच काय ते खरं त्या खोलीत होतं. 35 टक्के आले. पाच टक्क्यांनी सगळं गेलं. डॉक्टरांची काही चूक नव्हती, त्यांना जे सांगितलं ते त्यांनी लिहिलं.

नंतर कळलं मोजतात कसं. आयडियाज नावाची मोजपट्टी आहे. चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी स्वतः घेतो का, माणसांत कसा वागतो, बोललेलं समजतं का आणि त्याला बोलता येतं का, आणि काम. प्रत्येकाला 0 ते 4 गुण, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. शिवाय आजाराला किती वर्षं झाली त्याचे वेगळे गुण. एकूण 20 पैकी 7 झाले की 40 टक्के. म्हणजे तिथं रोगाचं नाव किती भारी आहे हे बघत नाहीत, घरात रोज काय होतं ते बघतात, आणि ते सांगणारं माणूस म्हणजे तुम्ही. आजाराच्या वर्षांचे गुण जुन्या केसपेपरवरून मिळतात, म्हणून तो तीन वर्षांपूर्वीचा पहिला कागद जपा म्हटलं.

दुसऱ्या वेळी मी वही केली. शंभर पानी, साधी. दीड महिना रोज रात्री दोन ओळी. "आज जेवला नाही, ताटात विष आहे म्हणाला." "आज तीनदा सांगितल्यावर तोंड धुतलं." "मामा आले, बोलला नाही, कडी लावून घेतली." ती वही डॉक्टरांपुढं ठेवली, त्यांनी चार पानं वाचली. 55 टक्के आले. आई घरी येऊन रडली, म्हणाली तू माझ्या पोराचं वाईट लिहिलंस. मी वाईट नव्हतं लिहिलं, पण तिला ते पटायला वर्ष लागलं. तुमच्या सासूबाईंनाही लागेल, त्यांच्याशी भांडू नका, त्यांना फक्त 13,200 चा आकडा सांगा.

तुम्ही आजपासून वही सुरू करा. खरं लिहायचं, वाढवून नाही आणि झाकून नाही. चांगला दिवस गेला तर तो पण लिहा.

प्रमाणपत्र आलं की संजय गांधी निराधार अनुदान योजना. दिव्यांगांना आता महिन्याला 2500 मिळतात, ऑक्टोबर 2025 पासून वाढले, आधी 1500 होते. वय 18 ते 65, महाराष्ट्रात 15 वर्षं राहत असल्याचा पुरावा, आणि दिव्यांगांच्या बाबतीत कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 50 हजारांच्या आत. ही मर्यादा फार कमी आहे, माझ्या मते अन्यायच आहे, महिन्याला सव्वाचार हजार कमावणारं घर सुद्धा बाहेर पडतं. तुमचे शिलाईचे 4 हजार धरले तर वर्षाचे 48 होतात, म्हणजे काठावर, आणि ईएसआयचे पैसे सुरू झाले की तुम्ही त्यात बसणारच नाही. म्हणून क्रम सांगते: आधी ईएसआय. ते दोन वर्षांनी संपेल आणि तोवर मिस्टर कामावर गेले नसतील तर मिरजेच्या तहसील कार्यालयात संजय गांधी शाखेत अर्ज. प्रमाणपत्र मात्र आत्ताच काढून ठेवा कारण त्याला वेळ लागतो, आणि मानसिक आजाराचं बऱ्याचदा तात्पुरतं देतात, त्याच्यावर मुदतीची तारीख असते, ती कॅलेंडरवर लिहा. तारीख उलटून गेली की अनुदान थांबतं आणि मग परत पहिल्यापासून हेलपाटे.

महापालिकेला सुद्धा स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, गावात असाल तर ग्रामपंचायतीला तेच. त्यातून दरवर्षी काय देतात ते ठिकाणाप्रमाणे बदलतं, पण अर्ज केल्याशिवाय कुणी घरी आणून देत नाही. आणि एसटीला 75 टक्के सवलत, दवाखान्याच्या फेऱ्यांना तेवढाच हातभार. तुम्हाला स्वतःला लाडकी बहीण चालू असेल तर ती तुमच्या नावची आहे, मिस्टरांच्या संजय गांधीचा तिच्याशी संबंध लावून कुणी घाबरवलं तर तिथंच न भांडता लेखी मागा.

आणि गोळ्या. रात्रभर दारामागं उभं राहणारा माणूस किती दमत असेल याचा विचार केला की माझाच जीव गलबलतो. टेली मानस म्हणून सरकारी फोन सेवा आहे, 14416, फुकट, रात्री-अपरात्री पण चालते, मराठीत बोलतात. ते येत नसतील तरी तुम्ही बोला, गोळ्या नको म्हणणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं हे विचारा.

पत्र दुसरं, कोरेगाव तालुक्यातून

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय 74. मुलगी 41 वर्षांची, बायपोलर, लग्न झालेलं नाही, दोनदा येरवड्याला ॲडमिट होती. आम्हा दोघांची पेन्शन म्हणजे माझी एकट्याची. आमच्यामागं तिचं काय? एकानं सांगितलं की नॅशनल ट्रस्टमधून पालकत्व आणि निरामय विमा घ्या. गेलो तर नाही म्हणाले.

उत्तर

गुरुजी, नाही म्हणाले ते बरोबर आहे, सांगणाऱ्याची चूक झाली. नॅशनल ट्रस्टचा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठी आहे, मानसिक आजार त्यात नाही. मतिमंद आणि मनोरुग्ण हे दोन वेगळे, पण आपल्याकडं शिकलेली माणसं सुद्धा सर्रास एक करतात आणि मग तुमच्यासारख्या वयाच्या माणसाला उन्हातनं हेलपाटा पडतो.

पण तुमच्या हातात त्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम 1982, त्यातला 116 वा नियम, कुटुंब निवृत्तिवेतनाचा. मुलगा किंवा मुलगी मानसिक आजारामुळं किंवा अपंगत्वामुळं स्वतःची उपजीविका करू शकत नसेल तर वयाची अट न लागता तिला हयातभर कुटुंब पेन्शन मिळते. आधी तुमच्या पत्नीला, मग मुलीला. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तुमच्या बाजूला साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. त्यात "उपजीविका करू शकत नाही" हा मजकूर आहे का ते खिडकीवरून हलायच्या आधी वाचा. नुसती टक्केवारी असेल तर पुढं तोच मुद्दा काढून फाईल परत येते.

आणि हे तुमच्या हयातीत करा गुरुजी. मी असं घर बघितलंय जिथं आई-वडील दोघं गेले आणि मग बहिणीनं आजारी भावाला पहिल्यांदा प्रमाणपत्रासाठी बाहेर काढलं, तो तर आईच्या नावानं हाका मारत होता, त्याला तपासायचं कसं. तुम्ही पंचायत समितीत शिक्षण विभागाकडं कुटुंबाच्या तपशिलात मुलीचं नाव, जन्मतारीख आणि आजाराची नोंद लेखी अर्जानं करून घ्या, पोच घ्या, शिक्का मारलेली. तिचं बँक खातं काढा, आधार जोडा. तिच्यावतीनं पैसे कोण बघणार ते माणूस आत्ताच ठरवा आणि त्याला महिन्याच्या गोळ्यांची चिठ्ठी, डॉक्टर, सगळं दाखवून ठेवा. घर तिच्या नावे कसं करायचं, पालक कसा नेमायचा यासाठी साताऱ्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, मानसिक आजार असलेल्या आणि दिव्यांग माणसाला वकील फुकट देतात, उत्पन्न विचारत नाहीत.

जुन्या पद्धतीनं इन्कम टॅक्स भरत असाल तर दिव्यांग अवलंबिताचे 75 हजार वजा होतात, 80 टक्के किंवा त्याच्या वर असेल तर सव्वा लाख. नव्या पद्धतीत ते नाही.

पत्र तिसरं, वाईहून

अनुदानित हायस्कूलमध्ये क्लार्क आहे, 14 वर्षं. दीड वर्ष डिप्रेशन, चार महिने मेडिकलवर. संस्थेच्या लोकांनी बोलावून राजीनामा टाइप करून समोर ठेवला, म्हणाले तुझ्याच भल्यासाठी, नाहीतर चौकशी लावू. मी विचार करून सांगतो म्हणून बाहेर आलो. कागद माझ्याकडंच आहे.

उत्तर

चांगलं केलंत बाहेर आलात. त्या अवस्थेत तेवढं सुचणं सोपं नसतं, मला माहितीय.

दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20, पोटकलम 4. नोकरीत असताना ज्याला दिव्यांगत्व आलं त्याला काढता येत नाही आणि पदावनतही करता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य, म्हणजे जादा तयार केलेल्या, पदावर ठेवायचं. हे सरकारी आस्थापनांसाठी आहे, पण कायद्यातली सरकारी आस्थापनेची व्याख्या वाचा, सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्था त्यात येतात. तुमचा पगार अनुदानातनं होतो. मात्र कलम लागू व्हायला दिव्यांगत्व कागदावर पाहिजे, म्हणून वर कुपवाडच्या ताईंना सांगितलेली वही आणि प्रमाणपत्र तुम्हालाही लागू, या महिन्यातच अर्ज टाका.

चौकशीच्या धमकीबद्दल. डिसेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या केसमध्ये निकाल दिलाय, त्यांना ओसीडी (मंत्रचळ) आणि डिप्रेशन होतं आणि वागण्यावरून खातेनिहाय चौकशी लावली होती. कोर्टानं म्हटलं की ज्या वागण्यावरून कारवाई चाललीय त्याला मानसिक आजार हे एक कारण असलं तरी तो भेदभाव ठरतो, एकमेव कारण असण्याची गरज नाही. वकिलाला हे सांगा. तक्रार पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडंही करता येते.

मेडिकल रजा वाढवायची असेल तर मुदत संपायच्या आधी अर्ज, रजिस्टर पोस्टानं, आणि पोचपावती फाईलला. एक दिवस सुद्धा बिनपरवानगी गैरहजेरी पडू देऊ नका, पकडायला तेच शोधत असतात.

आणि तो टाइप केलेला राजीनामा, तो रागानं फाडू नका. तुम्ही सही केलेली नाही, मजकूर त्यांच्या कॉम्प्युटरवर तयार झालाय, वर तारीख आहे. त्याचे मोबाईलवर फोटो काढा, बायकोच्या मोबाईलवर पाठवून ठेवा, मूळ कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून घरात ठेवा, शाळेच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नको.